मॅलकी टूमीचा कायदा

मॅलकी टूमी स्लेटर्स लँडिंगला आला तो आपला छापखाना मिसिसिपीच्या चिखलात ओतूनच. आगबोटीवरून धक्क्यावर टाकलेली फळी ओली होती. छपाईचं यंत्र कसंबसं उतरलं, पण मागून येणाऱ्या खिळ्यांच्या पेट्या हमालाच्या हातून निसटल्या आणि शिशाची सगळी अक्षरं गुडघाभर गढूळ पाण्यात जाऊन बसली. मॅलकी काठावर उभा राहून आधी इंग्रजीत आणि मग आयरिशमध्ये शिव्या देऊ लागला. त्याची थोरली बहीण साबिना त्याला न्यायला धक्क्यावर आली होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, घागरा वर खोचला आणि पाण्यात उतरली.

"तुझ्या शिव्या संपल्या की तूही ये," ती म्हणाली.

तिच्यामागून टेकडीवरच्या आयरिश वस्तीतल्या बायका उतरल्या. कुणी पिठाची चाळणी आणली, कुणी बटाटे धुवायची टोपली. दुपारभर चिखल चाळून निघाला. साबिनाच्या अंगणात टबात अक्षरं धुतली गेली, आणि तिथंच, वयाच्या तिसाव्या वर्षी, साबिना वाचायला शिकली.

"हा कोण?"

"तो एस."

"आणि हा मासे धरायच्या गळासारखा?"

"तो जे. पण तू उलटा धरलायस."

"छापल्यावर सुलटा होईल ना? मग मी उलटाच शिकते."

के हे अक्षर मात्र फार थोडं सापडलं. त्यामुळे मॅलकीच्या 'बीकन' या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात गावातले सगळे केली लोक सी अक्षरानं छापले गेले. म्हातारा केली अंक घेऊन तावातावानं आला. "एवढ्यासाठी समुद्र ओलांडला होय आम्ही? इंग्लंडच्या राणीच्या राज्यात निदान नाव तरी धड लिहीत होते!" मॅलकीनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि पुढच्या अंकात त्याच्या डुकराला जत्रेत बक्षीस मिळाल्याची बातमी पहिल्या पानावर घेतली. म्हातारा जन्मभराचा वर्गणीदार झाला.

असा होता मॅलकी. ठेंगणा, लालबुंद, बडबड्या, स्वतःच्याच वाक्यांवर खूश होणारा. दुष्काळाच्या वर्षी आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून निघालेल्या जहाजात तो नऊ वर्षांचा होता, साबिना सोळा. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर, आजाऱ्यांना ठेवायच्या छपरात, आई वारली. तिला कुठं पुरलं ते या दोघांना कुणी दाखवलं नाही. पुढं साबिनानं मिलवॉकीत एका घरी स्वयंपाकघरात राबून त्याला एका जर्मन छापखान्यात उमेदवारीला लावलं. त्या छपराबद्दल मॅलकी कधी बोलला नाही. पण बीकनमध्ये कुणीही मेलं, अगदी रेल्वेच्या खड्ड्यात काम करणारा निनावी मजूर मेला, तरी तो त्याचं नाव, गाव आणि बापाचं नाव शोधून काढायचा आणि छापायचा. त्यासाठी अंक उशिरा निघाला तरी चालायचं.

साबिनाचा नवरा फेलिम डीगन हा याच्या अगदी उलट. उंच, हाडकुळा, अबोल. व्हिटकोमच्या लाकूड गिरणीत तो यंत्रघर सांभाळायचा. तरुणपणी गावच्या फादरसमोर त्यानं दारू सोडायची शपथ घेतली होती, तिचं पितळी पदक त्याच्या गळ्यात असायचं. लग्नात, मयतीत, कुठंही तो ताक मागायचा आणि लोक त्याची थट्टा करायचे. रविवारी चर्चमधली मिसा झाली की मेहुणे मेहुणे नदीवर गळ टाकून बसायचे. मॅलकी आपला अग्रलेख त्याला वाचून दाखवायचा. फेलिम शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, आणि ठरलेलं एकच मत द्यायचा.

"लांब आहे."

"लांब? अरे, त्यात आयर्लंडचा सातशे वर्षांचा इतिहास आहे!"

"तोच जरा कमी कर."

आणि मॅलकी खरंच कमी करायचा. साबिना खिळे जुळवायला बसली की तिला कळायचं, फेलिमनं काय काय खोडायला लावलंय ते. तोवर ती नदीकाठची सगळ्यात जलद जुळारी झाली होती. तिचा मुलगा बार्टली तिच्या पायाशी बसून मोडक्या खिळ्यांचं सैन्य मांडायचा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटाला फेलिम घरी येऊन जेवताना गप्प बसू लागला. तो एरवीही गप्पच असायचा, पण साबिनाला त्याच्या दोन गप्पांमधला फरक कळायचा.

"बॉयलरला ठिगळ लावलंय," शेवटी तो म्हणाला. "ठिगळावर ठिगळ. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणतो, बर्फ वितळलं की ओंडके येतील, आता गिरणी बंद ठेवता येत नाही."

"मालकाला सांग."

"मालकालाही सांगितलं. त्यांनी माझ्या बायकोची तब्येत विचारली."

एप्रिलमध्ये एका सकाळी पहिला भोंगा झाला आणि साबिनानं चुलीवर पाणी ठेवलं, तेवढ्यात खिडक्यांच्या काचा आत आल्या. टेकडीवरून पाहिलं तर गिरणीच्या जागी वाफेचा पांढरा डोंगर उभा होता. सहा माणसं गेली. फेलिमला त्याच्या पदकावरून ओळखलं.

व्हिटकोमनं सहाही शवपेट्या आपल्या खर्चानं करून दिल्या, उत्तम पाइन लाकडाच्या, आणि चौकशीत सांगितलं की ही देवाची करणी. पण महिन्याभरात गिरणीच्या कचेरीतून दुसरी कुजबूज निघाली. यंत्रघरातला माणूस प्यायला होता, बॉयलरमधलं पाणी आटलं तरी त्याला शुद्ध नव्हती.

मॅलकीनं त्या आठवड्याचा बीकन काळ्या चौकटीत काढला. त्यात सातशे वर्षांचा इतिहास नव्हता. सहा नावं होती, सहा बापांची नावं होती आणि खाली चार ओळी: फेलिम डीगननं मुकादमाला सांगितलं, मालकाला सांगितलं, ठिगळ कुठं आहे तेही सांगितलं. तो आयुष्यात दारू प्यायला नाही. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं छापखान्यात येऊन मला खोटं म्हणावं.

कुणी आलं नाही. उलट शरद ऋतूत टेकडीवरचे लोक येऊन म्हणाले, "मॅलकी, तू राजधानीत, मॅडिसनला जा. विधानसभेत. असा कायदा कर की सरकारचा माणूस येऊन बॉयलर बघेल, मालकाचा नाही."

प्रचार म्हणजे जत्राच झाली. मॅलकी पिंपावर उभा राहून दोन दोन तास बोलायचा. खालच्या आळीतल्या नॉर्वेजियन लोकांना त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. त्यांचा पुढारी म्हणाला, "कळत नाही, पण हा माणूस रडतो तेव्हा खरा रडतो." त्यांनी मतं दिली. मॅलकी निवडून आला. वस्तीनं त्याला खांद्यावरून छापखान्यापर्यंत आणलं, आणि विनी कॅव्हनी, जिचा नवरा फेलिमबरोबरच गेला होता, साबिनाला मिठी मारून म्हणाली, "आता बघ, आपली माणसं फुकट जायची नाहीत."

मॅडिसनमध्ये मात्र त्याचा उच्चार ऐकून लोक हसायचे. त्यानं आणलेला बॉयलरचा कायदा पहिल्या वर्षी समितीत गेला आणि तिथंच मेला. दुसऱ्या वर्षी तसंच. तो उठून बोलू लागला की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "पाणी ओता रे, टूमींचा बॉयलर तापला!" त्याचं नावच 'बॉयलर टूमी' पडलं. दरम्यान नदीवर आणखी बॉयलर फुटले. दर वेळी तो मेलेल्यांची नावं सभागृहात वाचून दाखवायचा, आणि दर वेळी ती कामकाजातून काढून टाकली जायची. टेकडीवरचे लोक त्याला निवडून देत राहिले. वर्षं गेली. बार्टली अठरा वर्षांचा झाला, बापासारखाच उंच आणि हाडकुळा, आणि साबिनानं किती सांगितलं तरी नव्या गिरणीच्या यंत्रघरात कामाला लागला.

"दुसरं काम आहे का इथं, आई?" तो म्हणायचा. "खिळे जुळवू? तुझ्यासारखा पाठीत वाकू?"

"तुझा बाप तिथं—"

"बाबांना ते यंत्र सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मलाही कळतं."

बापाबद्दल बोलताना त्याची मान ताठ व्हायची. सहा वर्षांपूर्वीचा तो काळ्या चौकटीचा अंक त्याला तोंडपाठ होता.

मार्चमध्ये एका शनिवारी मॅलकी मॅडिसनहून दुपारच्या गाडीनं आला. घरी न जाता सरळ छापखान्यात शिरला. साबिना अंकाचं शेवटचं पान बांधत होती. त्यानं दार लावून घेतलं आणि आयरिशमध्ये बोलू लागला. आई गेल्यापासून दोघं ती भाषा क्वचितच बोलायची. साबिनाच्या हातातला खिळा हातातच राहिला.

"व्हिटकोमनं मला न्याहारीला बोलावलं होतं," तो म्हणाला.

"तू गेलास?"

"गेलो. माणूस गोड बोलतो गं. अंडी कशी हवीत विचारलं, तुझी तब्येत विचारली."

"माझ्या तब्येतीची त्याला पहिल्यापासून काळजी आहे."

मॅलकी हसला नाही. "त्याला वॉशिंग्टनला जायचंय. काँग्रेसमध्ये. पण जिथं भाषणाला उभा राहतो तिथं कुणीतरी विचारतं, त्या सहा माणसांचं काय? तो म्हणाला, टूमी, हे तुमच्या पेपरनं केलं. तुमचा पेपर लोक खरा मानतात. तुम्हीच ते पुसू शकता."

"कसं?"

"छापायचं की तेव्हा माझी चूक झाली. नवी माहिती मिळाली. की फेलिम..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. "तेवढं छापलं की वरच्या सभागृहातली त्याची सगळी माणसं कायद्याला मत देतील. संपूर्ण कायद्याला, साबिना. सरकारी तपासनीस, वर्षातून दोनदा, सील ठोकायच्या अधिकारासकट. काना-मात्रा न बदलता. तपासनिसाचं त्याला काहीच वाटत नाही, गिरण्या तो विकायलाच निघालाय. त्याला फक्त नाव धुऊन हवंय."

"आणि आपण हे सांगितलं तर? की त्यानं मागितलं म्हणून केलं?"

"तर पुढच्या वर्षी त्याची माणसं कायदा मोडून टाकतील. तो जिवंत असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा शब्द मागितलाय. तुझाही."

साबिना स्टुलावर बसली. बाहेर रस्त्यावरून बर्फाच्या चिखलात गाडी ओढणारा घोडा घसरत होता, गाडीवान त्याला समजावत होता. तिला वाटलं आपण ओरडू, पण आवाज आला तो अगदी साधा.

"फेलिमचं नाव सोडून त्याला दुसरं काहीच नको होतं का? तुझं घे म्हणावं. छाप की मी खोटारडा आहे, पैसे खाऊन लिहिलं."

"सांगितलं मी तसं. तो म्हणाला, तुमच्या नावावर बॉयलर फोडता येत नाही, यंत्रघरात तो होता."

साबिनानं हातातला खिळा परत खणात टाकला. मग मॅलकी म्हणाला, "तू नाही म्हण. मी उद्या जाऊन नाही सांगतो आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. आईची शपथ."

"नवी गिरणी," साबिना म्हणाली. "तिथला बॉयलर कुठून आणलाय?"

"जुन्या आगबोटीतून काढलेला आहे."

"तुला कसं माहीत?"

"बार्टलीनंच सांगितलं. म्हणाला, गळतो जरा, पण मी बघून घेतो."

साबिनानं डोळे मिटले. मग उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. "मी जुळवणार नाही," ती म्हणाली. "तुला काय करायचं ते तुझ्या हातानं कर."

मॅलकीनं कोट काढला. कित्येक वर्षांत त्यानं खिळ्यांना हात लावला नव्हता. अक्षरं हातातून सांडत होती, उलटी लागत होती. साबिना पाहत राहिली. चौथ्या ओळीत फेलिमचं नाव आलं. मॅलकीनं ते दोनदा लावलं, दोनदा चुकलं. तिला उलटी अक्षरं लांबूनही वाचता यायची.

"सरक," ती म्हणाली. "त्याचं नाव तरी धड लागू दे." आणि तिनं नवऱ्याचं नाव लावलं. बाकीचं त्यानं लावलं.

अंक निघाला तेव्हा टेकडीवर पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही. लोक छापखान्यात येऊन गेले. "मॅलकी, हे काय? फेलिम आणि दारू?" मॅलकी नुसता म्हणायचा, "छापलंय ते खरं आहे." म्हाताऱ्या केलीनं अंक त्याच्या टेबलावर ठेवला आणि वर्गणी बंद करून निघून गेला.

आणि मग साबिनाच्या डोळ्यांदेखत दुसरीच गोष्ट घडू लागली. तिला वाटलं होतं लोक मॅलकीला खोटं म्हणतील. पण बीकन इतकी वर्षं खरंच बोलत आला होता. वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, मेहुण्यानंच छापलंय म्हणजे असल्याशिवाय का छापेल? मग कुणाला आठवलं, फेलिम अधूनमधून नदीवर एकटाच बसायचा, बाटली असणार. कुणाला त्याचे डोळे लाल आठवले. उन्हाळ्यापर्यंत निम्म्या टेकडीला फेलिम डीगन झिंगलेला आठवू लागला होता. ताक मागणारा फेलिम कुणालाच आठवेना.

विनी कॅव्हनी एक दिवस विहिरीवर भेटली. साबिनानं तिच्यासाठी दोर धरला. विनीनं रिकामी बादली तशीच उचलली.

"सहा वर्षं तुझ्या गळ्यात पडून रडले मी," ती म्हणाली. "तुला माहीत होतं तेव्हाही?"

साबिनाला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. ते तिनं गिळलं. विनीचा थोरला मुलगा बार्टलीच्याच पाळीत काम करत होता.

बार्टलीनं मामाला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं, मिसा सुटल्यावर, सगळ्यांसमोर.

"मामा, हे तुझ्या पेपरात कुणी छापलं?"

"मी."

"मला खरं सांग. तू ते लोकांसाठी छापलंस, ठीक. मला कानात खरं सांग."

मॅलकीनं वर पाहिलं. भाचा त्याच्यापेक्षा हातभर उंच होता. "छापलंय ते खरं आहे," तो म्हणाला.

बार्टलीनं त्याला मारलं. एकच ठोसा, पण मॅलकी तीन पायऱ्या खाली गेला आणि दगडावर आपटला. कुणी उचलायला पुढं आलं नाही. साबिना गेली. बार्टलीनं आईला भावाचं डोकं मांडीवर घेताना पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे तूही," तो म्हणाला. "तूही मानतेस."

तिनं मान खाली घातली. त्याच आठवड्यात तो गाव सोडून वर सेंट पॉल शहरात निघून गेला.

कायदा पास झाला. काना-मात्रा न बदलता. मॅडिसनमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या बाकावरच्या थट्टेखोरानं येऊन हात मिळवला. मेच्या अखेरीस सरकारचा तपासनीस आला, एक बुटका वेल्श माणूस, हातोडी घेऊन. नव्या गिरणीचा बॉयलर त्यानं ठोकून पाहिला, पुन्हा ठोकला आणि आतल्या माणसांना म्हणाला, "जरा हळूच बाहेर या बरं सगळे." त्यानं सील ठोकलं. पत्रा कागदासारखा झाला होता. यंत्रघरात त्या वेळी आठ माणसं होती, त्यात विनीचा थोरला. महिनाभर गिरणी बंद राहिली, मजुरी बुडाली, आणि लोकांनी बॉयलर टूमीला शिव्या दिल्या. पाच महिन्यांनी व्हिटकोम वॉशिंग्टनला गेला आणि मॅलकी आपल्याच टेकडीवर निवडणुकीत पडला. त्याच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस दारूचा ठेकेदार होता.

बीकन आणखी काही वर्षं चालला. बहीण-भाऊ दोघंच. ती जुळवायची, तो यंत्र ओढायचा. अग्रलेख लिहिणं त्यानं सोडून दिलं. "वाचून कुणाला दाखवू?" तो एकदा म्हणाला. ती खिळे जुळवत राहिली. त्या दोघांत भांडण असं कधी झालं नाही. पण एकाच टेबलावर बटाटे आणि कोबी खाताना त्यांच्यामध्ये तिसरं माणूस बसलेलं असायचं, आणि दोघंही त्याला वाढायला विसरल्यासारखी गप्प असायची. नदीवरच्या गावांतून बातम्या यायच्या, अमुक गिरणीला सील, तमुक आगबोट दुरुस्तीला. फुटल्याची बातमी येत नव्हती. मॅलकी त्या बातम्या शेवटच्या पानावर बारीक खिळ्यांत घ्यायचा.

छातीच्या दुखण्यानं तो पन्नाशी गाठायच्या आतच गेला. आजारात त्याला सारखा त्या किनाऱ्यावरच्या छपराचा भास व्हायचा. "आईचं नाव विचारलं का कुणी?" तो आयरिशमध्ये म्हणायचा. "त्यांना नाव सांग, साबिना. नीट लिहून घ्यायला सांग."

"सांगितलं," ती म्हणायची. "लिहून घेतलं."

शेवटच्या दिवशी त्याला शुद्ध होती. "बार्टलीला," एवढंच म्हणाला.

"म्हातारा गेला की सांगेन," ती म्हणाली.

पण व्हिटकोम काही जाईना. एक निवडणूक, दुसरी निवडणूक, मग सन्मानानं निवृत्ती, मग नदीकाठच्या बागेला त्याचं नाव. दर इस्टरला साबिना पेपरात त्याची तब्येत शोधायची आणि चर्चमधल्या पापकबुलीच्या वेळी फादर गिल्डींना सांगायची की मी एका माणसाच्या मरणाची वाट पाहते. "कुणाच्या?" फादर विचारायचे. "शब्द दिलाय," ती म्हणायची. जंगलं संपली, ओंडके येईनासे झाले, गिरणी कायमची बंद पडली, टेकडीवरची निम्मी घरं ओस पडली. विनी कॅव्हनी साबिनाशी न बोलताच वारली. तिच्या मयतीला तिचा थोरला मुलगा नातवंडं घेऊन आला होता.

व्हिटकोम एक्क्याण्णव वर्षांचा होऊन झोपेत मेला. मयतीच्या दुसऱ्या दिवशी साबिना सेंट पॉलच्या गाडीत बसली. तीही ऐंशीला टेकली होती.

बार्टली रेल्वे यार्डामागच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होता. बायको सोडून गेलेली. खोली दाखवणाऱ्या घरमालकिणीनं आधीच बजावलं, "दुपारच्या आत भेटा, नंतर उपयोग नाही." दार उघडलं तेव्हा साबिनाला क्षणभर ओळख पटली नाही. उंची तेवढी तीच होती.

"आई," तो म्हणाला, आणि ओशाळून टेबलावरची बाटली पाठीमागं घेतली. मग पुन्हा पुढं ठेवली. "लपवून काय करू? बापाचं रक्त आहे. तुला काय नवीन?"

ती खाटेच्या कडेवर बसली आणि सगळं सांगितलं. न्याहारी, अंडी, व्हिटकोमची अट, आगबोटीतून काढलेला बॉयलर. मामाच्या हातून सांडलेली अक्षरं. नाव आपण लावलं तेही. बार्टली उभ्यानंच ऐकत होता.

"बाबा प्यायचे नाहीत?" शेवटी त्यानं विचारलं. लहान मुलासारखं.

"कधीच नाही. ताक प्यायचा."

"ताक," तो म्हणाला. त्याला हसू आलं, आणि मग ते हसू राहीना. तो भिंतीला टेकून खाली बसला. "पहिला प्याला घेतला ना आई, तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, बाबांसारखं तरी काहीतरी झालं आपल्यात." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मग मी कुणासारखा?"

तिनं त्याचं डोकं जवळ ओढलं. त्याच्या केसांना कोळशाचा वास येत होता.

"तू जिवंत राहावास म्हणून केलं रे," ती म्हणाली.

"राहिलो की," तो म्हणाला.

ती त्याला स्लेटर्स लँडिंगला घेऊन आली. दारू काही सुटली नाही, पण कमी झाली. सकाळी तो विहिरीचं पाणी आणायचा, तिला लाकडं फोडून द्यायचा. तिनं गावात सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. ऐकणारे बहुतेक तरुण होते. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, फेलिम डीगन कोण?

एका रविवारी बार्टलीनं स्वतःहून विचारलं, "मामाला कुठं ठेवलंय?"

त्या सहाजणांच्या रांगेत वस्तीनं जागा दिली नव्हती. कुंपणाजवळ, उतारावर, साधा दगड होता. बार्टली तिथं बराच वेळ उभा राहिला. त्यानं टोपी काढली नाही. साबिनानंही सांगितलं नाही. थोड्या वेळानं त्याचे पाय दुखू लागले असावेत, किंवा दुसरं काही असेल. तो ओल्या गवतात दगडाला पाठ लावून बसला आणि नदीकडे पाहत राहिला. खाली पाण्यावर एक आगबोट शिट्टी देत वर निघाली होती.

"बॉयलर चांगला आहे तिचा," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं."

साबिना त्याच्या शेजारी, हात टेकत टेकत, खाली बसली.